मधपेट्यांचे स्थलांतर आणि मधमाश्यांचे आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्या एका जागेवरून दुसरीकडे नेण्याबद्दल मधपाळांकडून आणि नव्याने पेट्या घेतलेल्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात साध्या प्रश्नांनी आहे, अडचणीचे प्रश्न पुढे आहेत. आधी किंवा नंतर येऊन गेलेली गोष्ट पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पेट्या हलवल्याने मधमाश्या आजारी पडतात का?

नुसत्या हलवल्याने रोग होत नाही, पण वसाहतीवर, म्हणजे पेटीतल्या माश्यांच्या सगळ्या कुटुंबावर, ताण नक्की येतो. २०१६ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या फिरत्या आणि एका जागी ठेवलेल्या वसाहतींची तुलना प्रसिद्ध झाली. फिरत्या वसाहतींमधल्या माश्यांचे आयुष्य कमी भरले आणि त्यांच्या शरीरात ऑक्सिडीकरणाच्या ताणाच्या, म्हणजे पेशींच्या झिजेच्या, खुणा जास्त आढळल्या. असा ताण असलेल्या वसाहतीत आधीपासून दबून असलेला रोग वर येतो.

माझे मत स्पष्टच सांगतो. काळजीपूर्वक केलेला एका रात्रीचा प्रवास सशक्त वसाहत पचवते. खरे नुकसान होते ते तीन ठिकाणी: वाटेतला उकाडा (प्रश्न ६), पोहोचल्यावर मिळणारे खाणे (प्रश्न ११) आणि तिथे भेटणाऱ्या दुसऱ्यांच्या माश्या (प्रश्न १२). बरेच जण सगळी काळजी गाडीत पेट्या चढवण्यावर खर्च करतात आणि या तिन्हींकडे दुर्लक्ष करतात.

२. मग पेट्या हलवायच्याच कशाला? हे निसर्गाच्या विरुद्ध नाही का?

फुलोरा एका जागी वर्षभर नसतो. एका जागेवर फुले संपली की वसाहत साठ्यावर जगते, राणी अंडी घालणे कमी करते आणि संख्या घसरते. उपासमारीत ठेवण्यापेक्षा फुलोऱ्यावर नेणे माश्यांच्या हिताचे असते. हे नवीनही नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने इटलीतल्या पो नदीकाठच्या होस्टिलिया गावाची रीत नोंदवली आहे: तिथले लोक पोळी नावेत ठेवून रात्री नदीतून वरच्या अंगाला नेत आणि वजनाने नाव पाण्यात किती बसली यावरून मध भरल्याचे ओळखत.

आजच्या स्थलांतराचा आकार मात्र वेगळा आहे. कॅलिफोर्नियातल्या बदामाच्या बागांसाठी दर फेब्रुवारीत वीस लाखांच्या घरात वसाहती एकत्र येतात. अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक व्यावसायिक वसाहती एका फुलोऱ्यावर जमल्या की रोगांनाही तेवढीच मोठी संधी मिळते.

३. ‘एक मीटर किंवा पाच किलोमीटर’ असे म्हणतात, ते का?

कामकरी माशी घराची जागा आजूबाजूच्या खुणांवरून आणि सूर्याच्या दिशेवरून पाठ करते. पेटीचा रंग किंवा वास तिला अगदी जवळ आल्यावर उपयोगी पडतो, तोवर ती जागेकडेच उडत येते. पेटी एखादा मीटर सरकली तर ती शोधून काढते. तीस-चाळीस मीटर सरकली तर जुन्या जागी येऊन घिरट्या घालते आणि तिथेच थकून मरते.

दुसरे टोक पाच किलोमीटरचे. माश्यांची बहुतेक ये-जा पेटीपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत होते. त्यापलीकडे नेले की ओळखीचा परिसर सापडत नाही आणि त्या नव्याने जागा पाठ करतात. फुले कमी असतील तर माश्या दहा किलोमीटरपर्यंतही जातात, म्हणून टंचाईच्या काळात अंतर थोडे वाढवून धरा.

४. मला पेटी फक्त शंभर फूट बाजूला घ्यायची आहे. काय करू?

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे पेटी आधी पाच किलोमीटरपलीकडे नेणे, दोन-तीन आठवडे तिथे ठेवणे आणि मग हव्या त्या जागी आणणे. तोवर जुनी जागा पाठ असलेल्या बहुतेक वयस्क माश्यांचे आयुष्य संपलेले असते. दोन फेऱ्यांचा ताण पडतो हे खरे, पण माश्या वाया जात नाहीत.

ते जमत नसेल तर रोज एक मीटर सरकवा, तेही माश्या बाहेर पडत असतील अशाच दिवसांत. पावसामुळे दोन दिवस माश्या आत असतील तर ते दिवस मोजू नका. तिसरा मार्ग थंड हवेतला आहे: हवेशीर जाळी लावून पेटी दोन-तीन दिवस बंद ठेवायची आणि नव्या जागी दार उघडताना त्यासमोर पालेदार फांदी आडवी लावायची. अडथळा दिसला की माश्या थबकतात आणि परिसर नव्याने पाहतात. उन्हाळ्यात हा मार्ग वापरू नका, कारण प्रश्न ६ मध्ये आहे. कोणताही मार्ग घेतला तरी जुन्या जागी संध्याकाळी एक रिकामी पेटी पोळ्याच्या चौकटीसह ठेवा. चुकलेल्या माश्या तिच्यात बसतात आणि रात्री त्यांना परत आणता येते.

५. पेट्या रात्रीच का हलवायच्या?

अंधार पडल्यावर सगळ्या माश्या घरी असतात आणि हवाही थंड असते. दिवसा दार बंद केले तर चारा आणायला गेलेल्या माश्या बाहेर राहतात. वसाहतीतल्या सगळ्यात अनुभवी माश्या त्याच. गरम हवेत सूर्यास्तानंतरही माश्या पेटीच्या तोंडाशी लोंबून बसतात. त्यांना हलक्या धुराने किंवा पाण्याच्या बारीक फवाऱ्याने आत सरकवा आणि मगच दार लावा. घाई करून त्या चिरडल्या तर धोक्याचा वास पसरतो आणि पूर्ण वसाहत खवळलेल्या अवस्थेत प्रवासाला निघते.

६. प्रवासात माश्या मरण्याचे सगळ्यात मोठे कारण कोणते?

उकाडा. धक्क्यांनी जितक्या वसाहती जातात, त्याहून कितीतरी अधिक उकाड्याने जातात. आणि जाणाऱ्या वसाहती बहुधा सगळ्यात ताकदवान असतात.

पिलाव्याभोवतीचे (अंडी, अळ्या आणि कोष यांच्याभोवतीचे) तापमान माश्या ३४ ते ३६ अंश सेल्सिअस राखतात. उष्णता वाढली की पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालून बाष्पीभवन करतात. दार बंद झाले की पाणी येणे थांबते आणि हवाही खेळत नाही. गाडीच्या हादऱ्याने माश्या अस्वस्थ होतात, उडण्याचे स्नायू थरथरवतात आणि त्यातून आणखी उष्णता निघते. जितकी गर्दी तितकी उष्णता जास्त. मेण साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळते, पण त्याच्या बरेच आधी मऊ पडते. मग मधाने जड झालेले पोळे स्वतःच्या भाराने निसटते आणि माश्या मधात बुडतात.

लक्षण ओळखायला शिका. नीट असलेल्या पेटीतून एकसारखी, खालच्या पट्टीतली गुणगुण येते. गुदमरणाऱ्या पेटीचा आवाज चढत जातो आणि जाळीवर माश्यांचा जाड थर दाबला जातो. मग माश्या पोटातला मध ओकतात, ओल्या होऊन काळ्या चकचकीत दिसू लागतात आणि आवाज एकदम पडतो. आवाज पडला म्हणजे माश्या शांत झाल्या असे समजून गाडी पुढे हाकणाऱ्यांनी आख्ख्या वसाहती गमावल्या आहेत. आवाज चढत असतानाच थांबा, जाळीवरून पाणी फवारा आणि गाडी वारा लागेल अशी उभी करा.

म्हणून घन झाकणाऐवजी वर पूर्ण जाळी हवी आणि चौकटींच्या वर माश्यांना बाहेर येऊन बसता येईल इतकी मोकळी जागा हवी. गरम हवेत गाडी विनाकारण थांबवू नका, चालत्या गाडीचा वारा हाच त्यांचा आधार आहे. बिघाडामुळे दिवस उजाडलाच तर सावली गाठून पेट्या खाली उतरवा आणि दारे उघडा. काही माश्या तिथे राहतील, पण वसाहती वाचतील.

दुबळ्या वसाहतीचा प्रश्न उलटा असतो. तिच्यात ऊब धरायला पुरेशा माश्या नसतात, त्यामुळे थंड रात्री चालत्या गाडीच्या वाऱ्यात तिचा पिलावा गारठतो. अशा पेट्यांची जाळी अर्धी झाका आणि त्या मालाच्या मधोमध ठेवा.

७. गाडीत पेट्या कशा लावायच्या?

चौकटींची लांबी गाडीच्या दिशेला समांतर ठेवा. ब्रेकचा धक्का पुढे-मागे बसतो. चौकटी आडव्या असतील तर त्या झोका घेऊन एकमेकींवर आपटतात आणि मधे सापडलेल्या माश्या चिरडतात. त्यात राणीही सापडू शकते. मधाने भरलेले वरचे कक्ष आधी काढा. नुकतीच बांधलेली, तार नसलेली पोळी नेऊ नका. तळ, कक्ष आणि झाकण पट्ट्याने घट्ट आवळा. पण पेट्यांच्या रांगांत हवा जायला फट ठेवा.

८. आतल्या अळ्यांवर आणि कोषांवर प्रवासाचा परिणाम होतो का?

होतो, आणि तो लगेच दिसत नाही म्हणून जास्त फसवतो. कोष ३२ अंशांच्या आसपास वाढले तर बाहेर येणारी माशी वरून धडधाकट दिसते, पण शिकण्यात आणि नाचून दिशा सांगण्यात कमी पडते, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे एका गारठलेल्या रात्रीची किंमत दोन-तीन आठवड्यांनी, त्या माश्या चाऱ्याला निघतात तेव्हा कळते.

दुसरा परिणाम दाई माश्यांवर होतो. त्यांच्या डोक्यात अळ्यांचे अन्न तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. लांबचा प्रवास केलेल्या माश्यांत या ग्रंथी स्थिर पेट्यांतल्या माश्यांपेक्षा कमी वाढलेल्या आढळल्या, असे २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. ग्रंथी नीट वाढायला दाई माशीला भरपूर पराग लागतो. म्हणून निघण्याआधी पेटीत परागाचा साठा आहे ना, ते मधाइतक्याच काटेकोरपणे पाहा.

९. नव्या जागी पेटीसमोर मेलेल्या माश्या दिसतात. घाबरायचे का?

पहिल्या सकाळी तळावरच्या मेलेल्या माश्या बाहेर टाकल्या जातात. मूठभर असतील तर चालते. ढीग असेल आणि माश्या ओल्या, चिकट असतील तर वाटेत उकाडा झाला होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही ताज्या मेलेल्या माश्या, जीभ बाहेर आलेल्या आणि थरथरणाऱ्या, दिसत असतील तर फवारणीचा संशय घ्या (प्रश्न १३).

चांगली खूण वेगळी असते. दार उघडल्यावर माश्या बाहेर येऊन पेटीकडे तोंड करतात, डावी-उजवीकडे झुलत हळूहळू मोठे गोल घेत मागे जातात. त्या जागा पाठ करत असतात. ही झुलती उड्डाणे दिसली आणि दोन दिवसांत परागाच्या गोळ्या घेऊन माश्या परतू लागल्या की वसाहत स्थिरावली समजा.

१०. पोहोचल्यावर पेटी उघडून कधी पाहू?

किमान दोन दिवस हात लावू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, ऊन असताना, थोडा वेळ पाहा. राणी शोधत बसायची गरज नाही. अंडे तीन दिवस अंडेच राहते, त्यामुळे पोहोचून तीन दिवस पूर्ण झाल्यावर अंडी दिसली तर राणी प्रवासातून जिवंत आली आहे. तुटलेले पोळे मात्र पहिल्या दिवशीच काढावे लागते, नाहीतर सांडलेल्या मधाच्या वासाने शेजारच्या माश्या लूटमारीला येतात.

११. शेकडो एकर एकच पीक फुललेले असेल तर माश्यांना भरपूर खायला मिळते ना?

भरपूर मिळते, पण एकाच प्रकारचे मिळते. माशीला परागातून प्रथिने, स्निग्धांश, जीवनसत्त्वे लागतात आणि प्रत्येक फुलाच्या परागात त्यांचे प्रमाण वेगळे असते. सूर्यफुलाच्या परागात प्रथिने तुलनेने कमी असतात, तर बदामाचा पराग पौष्टिक असतो. त्यामुळे ‘एकपीक वाईट’ असा सरसकट निष्कर्षही बरोबर नाही. बदामाच्या बागेतून अनेक वसाहती संख्येने वाढून निघतात.

माझा आग्रह जागा आधी स्वतः पाहण्याचा आहे. बांधावर, ओढ्याकाठी, पडीक तुकड्यांवर काय फुलले आहे? पीक संपल्यावर पुढचे दोन आठवडे माश्या कशावर जगतील? स्वच्छ पाणी कुठे आहे? मुख्य फुलोऱ्यावर वसाहत झपाट्याने वाढते आणि फुले एकदम संपली की खाणारी तोंडे जास्त आणि येणारे अन्न शून्य, अशी अवस्था येते. वसाहती खचतात त्या बऱ्याचदा अशा वेळी. पुढची जागा ठरलेली नसेल तर इथून निघूच नका.

१२. इतरांच्या पेट्या शेजारी असतील तर रोग येण्याचा धोका किती?

खूप. स्थलांतराबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

नव्या जागी पहिले काही दिवस माश्या चुकून दुसऱ्या पेटीत शिरतात. पेट्या सरळ रांगेत, एकाच रंगाच्या आणि एकाच दिशेला तोंड केलेल्या असतील तर हे फार वाढते. शिरलेली माशी अंगाला चिकटलेले बारीक परजीवी कोळी आणि पोटातले नोसेमा या आतड्याच्या रोगाचे बीजाणू घेऊन जाते. दुबळी पेटी लुटली गेली तर लुटणाऱ्या माश्या मधाबरोबर तिथला रोगही घरी नेतात.

व्हरोआ कोळ्याची कथा हीच आहे. त्याचा मूळ यजमान आशियातली एपिस सेराना, म्हणजे आपल्याकडे पाळल्या जाणाऱ्या सातेरीची जात. माणसाने युरोपीय मेलिफेरा माश्या तिच्या प्रदेशात नेल्या, कोळ्याने यजमान बदलला आणि पेट्यांच्या व्यापाराबरोबर तो जवळजवळ जगभर पोहोचला. त्याच्याबरोबर पंख विकृत करणारा विषाणूही फैलावला. ऑस्ट्रेलिया बराच काळ यातून सुटली होती. जून २०२२ मध्ये न्यूकॅसल बंदरावरच्या पाळतीच्या पेट्यांत व्हरोआ सापडला. पेट्या हलवण्यावर तातडीने बंदी आली, हजारो वसाहती नष्ट केल्या गेल्या, तरीही सप्टेंबर २०२३ मध्ये निर्मूलनाचा प्रयत्न सोडून द्यावा लागला.

निघण्याआधी दोन तपासण्या करा. पहिली कोळ्यांची: पिलाव्याच्या चौकटीवरून साधारण ३०० माश्या (राणी नाही ना, हे पाहून) जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्या, पिठीसाखर घालून घोळवा आणि पांढऱ्या कागदावर झाडून कोळी मोजा. ९ कोळी म्हणजे ३ टक्के. तेवढे आढळले तर आधी उपचार, मग प्रवास. दुसरी तपासणी पिलाव्याची: झाकण खचलेली, भोक पडलेली, काळपट पेशी दिसली तर आत आगकाडी फिरवून हळूच ओढा. तपकिरी चिकट तार दोन सेंटिमीटर लांबली तर अमेरिकन फाउलब्रूडचा, म्हणजे अळ्या कुजवणाऱ्या जिवाणूजन्य रोगाचा, दाट संशय घ्या. त्याचे बीजाणू लाकडात आणि पोळ्यात दशकानुदशके जिवंत राहतात. ती पेटी आणि त्या जागेवरची कुठलीही पेटी हलवू नका, तज्ज्ञाला दाखवा.

पोहोचल्यावर पेट्या वळणदार मांडा, तोंडे वेगवेगळ्या दिशांना ठेवा आणि दारांवर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या खुणा करा. माशीला लाल रंग दिसत नाही, तो वापरून उपयोग नाही.

१३. शेतकरी म्हणतो, फक्त बुरशीनाशक मारणार आहे. चालेल का?

फुले उघडी असताना नको. काही बुरशीनाशके एकटी सौम्य असतात, पण काही कीटकनाशकांबरोबर आली की माशीची विष पचवण्याची ताकद कमी करतात आणि एकूण विषारीपणा वाढतो. पेट्या ठेवण्याआधीच काय, केव्हा मारणार ते लेखी ठरवा. फवारणी टळत नसेल तर ती माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळनंतर व्हावी. ऐनवेळी रात्रीतून पेट्या हलवणे हा शेवटचा पर्याय. त्यातही अंतराचा नियम (प्रश्न ३) पाळावा लागतो.

१४. नवीन राणी तयार होत असताना पेटी हलवता येईल का?

शक्यतो नाही. राणीच्या बंद घरात कोषाचे पंख आणि पाय घडत असतात. हादरे बसले तर राणी अपंग निघते. अंड्यापासून सोळाव्या दिवशी राणी बाहेर येते, त्यामुळे हलवणे अटळ असेल तर चौदावा दिवस उलटल्यावर आणि अगदी हळुवार. बाहेर आल्यावर काही दिवसांनी ती मीलनासाठी उडते आणि तेव्हाही जागा पाठ असणे हाच तिचा परतीचा आधार असतो. तिची अंडी दिसेपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन आठवडे, पेटी आहे तिथेच राहू द्या.

१५. सातेरी आणि मेलिफेरा यांना हे सगळे सारखेच लागू आहे का?

मूळ तत्त्वे सारखी, पण सातेरी जास्त संवेदनशील आहे. धक्के, मुंग्या, मेणकिडा, अन्नाची टंचाई, यांतले दोन-तीन त्रास एकत्र आले की ती पूर्ण घर सोडून उडून जाते. मेलिफेरा असे क्वचितच करते. सातेरीची पेटी हलवायची तर आत उघडा पिलावा असू द्या. अळ्या असताना वसाहत सहसा घर सोडत नाही. पोहोचल्यावर लगेच थोडे साखरपाणी द्या आणि तपासणी आठवडाभर टाळा. व्हरोआशी तिचे जुने जमलेले आहे, पण थाई सॅकब्रूड हा विषाणू तिच्या वसाहती झपाट्याने संपवतो. म्हणून सातेरीसाठी प्रश्न १२ मधली पिलाव्याची तपासणी जास्त महत्त्वाची.

१६. कडक थंडीत हलवले तर?

थंडीत माश्या घट्ट गोळा करून बसतात. गोळा फुटला तर सुटलेल्या माश्या गारठून मरतात. पेटी न उघडता, न आपटता नेता येते. दार थोड्या उबदार दिवशी उघडावे, म्हणजे माश्यांना बाहेर पडून पोट मोकळे करता येते. दीर्घ थंडीनंतर माश्या तशाही जागा नव्याने पाठ करतात, त्यामुळे लहान अंतरासाठी हा काळ सोयीचा असतो.

१७. वर्षातून किती वेळा हलवणे योग्य?

ठरावीक आकडा नाही. दोन स्थलांतरांच्या मध्ये पिलाव्याची एक पूर्ण पिढी बाहेर यावी, असा माझा आग्रह असतो. कामकरी माशीला अंड्यापासून २१ दिवस लागतात. तेवढा काळ एका जागी मिळाला तर प्रवासात झिजलेल्या माश्यांची जागा नव्या घेतात. दर आठ-दहा दिवसांनी गाडी भरणाऱ्यांच्या पेट्यांत माश्यांची सरासरी वये वाढत जातात आणि पिलावा आकसतो.

१८. वसाहत दुबळी झाली आहे. चांगल्या फुलोऱ्यावर नेली तर सावरेल का?

दुबळेपणाचे कारण भूक असेल तर हो, आणि लवकर सावरेल. कारण कोळी, नोसेमा किंवा खराब राणी असेल तर नाही. उलट मोठ्या जमावात ती लुटली जाईल आणि तिचा रोग सगळ्यांना मिळेल. आधी कारण शोधा. निरोगी पण लहान असलेल्या दोन वसाहती एकत्र करून एक सशक्त वसाहत नेणे हे दोन दुबळ्या पेट्या नेण्यापेक्षा केव्हाही बरे.

१९. सगळ्या पेट्या नेल्या नव्हत्या. परत आलेल्या पेट्या घरच्या पेट्यांजवळ लगेच ठेवू का?

नका ठेवू. फिरून आलेल्या पेट्यांनी काय आणले आहे ते पहिल्या दिवशी दिसत नाही. त्यांना काही किलोमीटर दूर निदान एका पिलाव्याच्या पिढीइतका काळ ठेवा, कोळी पुन्हा मोजा, पिलावा पुन्हा पाहा. या काळात हत्यारे, हातमोजे आणि चौकटी दोन्हीकडे फिरवू नका. वेगळी जागा नसेल तर एवढे तरी करा: दोन गटांमध्ये शक्य तितके अंतर आणि मध्ये कुंपण किंवा झाडांची रांग ठेवा, दारे विरुद्ध दिशांना करा आणि रोज आधी घरच्या पेट्या तपासून मग आलेल्या पेट्यांकडे जा.